जमिनीला धरून गोल्फ कोर्स: बडोदे परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या आसपास जमीन असलेली मंडळी, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, क्लबांच्या कमिटीवरचे सभासद आणि कोर्सला लागून शेती असलेले शेतकरी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक उत्तरात डोकावेल: आपल्या भागात कोर्सची आखणी म्हणजे आधी पाण्याच्या वाटेची आखणी. होल त्यानंतर.

१. गोल्फ कोर्स डिझाइन करायचा म्हणजे नेमकं काय? हिरवळ लावून अठरा भोकं पाडली की झालं ना?

भोक फक्त १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्याला वेळ लागत नाही. खरं काम त्याच्या आधीचं. जिथून पहिला फटका मारतात ती टी, मधला आखूड गवताचा फेअरवे आणि शेवटचं, भोक असलेलं ग्रीन मिळून एक होल होतो. असे नऊ किंवा अठरा होल जमिनीवर कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेने आणि कुठल्या चढउतारावर बसवायचे, याला रूटिंग म्हणतात. रूटिंग चुकलं तर पुढे कितीही महागडं गवत लावा, खेळणाऱ्याची दमछाक होते, पाणी तुंबतं आणि बॉल शेजाऱ्याच्या अंगणात जातो. त्यामुळे निम्म्याहून जास्त विचार रूटिंगवरच खर्च व्हायला हवा. मग पाण्याचा निचरा, मातीची कापणी आणि भर, ग्रीनचे उतार, बंकर म्हणजे वाळूचे खळगे, गवत आणि शेवटी पाणी द्यायची व्यवस्था.

२. किती एकर लागतात?

पूर्ण लांबीच्या अठरा होलना साधारण १२० ते २०० एकर. जमीन चढउताराची किंवा नाल्यांनी कापलेली असेल तर आकडा वरच्या टोकाला जातो. नऊ होलना ६० ते ८० एकर. याहून कमी असेल तर प्रश्न १२ पाहा.

३. आता पोकलेन, डंपर सगळं मिळतं. मग जमिनीप्रमाणे कोर्स कशाला? कोर्सप्रमाणे जमीन करून घेऊ.

करता येते. पण खर्च एकदाच होत नाही. जमिनीचा नैसर्गिक उतार मोडला की पाणी जुनी वाट शोधत राहतं आणि दर पावसाळ्यात तुम्हाला त्याची किंमत मोजायला लावतं.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स कुणी कागदावर काढलेला नव्हता. समुद्रकाठची वाळूची जमीन, वाऱ्याने तयार झालेले उंचवटे आणि मेंढ्यांनी चरून आखूड ठेवलेलं गवत, यातून खेळायची वाट आपोआप पडली. तिथे आधी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ मध्ये काही छोटे होल एकत्र केले आणि १८ झाले. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या सँड हिल्सचं. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी वाळूच्या टेकड्यांवरून चालत चालत शंभराहून जास्त संभाव्य होल हेरले आणि त्यांतून अठरा निवडले. १९९५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा माती फारच थोडी हलवलेली होती.

याच्या उलट फ्लोरिडातला सॉग्रास. तिथे दलदल होती, त्यामुळे पीट डाय यांना माती हलवावीच लागली. पण तिथलं प्रसिद्ध सतरावं ग्रीन, चारी बाजूंनी पाणी असलेलं, आधी ठरलेलं नव्हतं. त्या जागी चांगली वाळू लागली, बाकीच्या कोर्ससाठी ती उपसत गेले आणि मोठा खड्डा उरला. तो पाण्याने भरून मधोमध ग्रीन ठेवावं, ही सूचना त्यांच्या पत्नी अॅलिस डाय यांची. म्हणजे यंत्रं लावली तरी जमीन काय देते आहे, याकडे लक्ष ठेवावंच लागतं.

४. जमीन दाखवायला तुम्हाला कधी बोलवू? थंडीत बरं पडेल ना?

थंडीत फिरायला छान वाटतं, पण जमीन खरं बोलते ती पावसाळ्यात. एकदा श्रावणात, मोठा पाऊस उघडल्यावर दोन तासांच्या आत जागेवर जा. गमबूट, चुन्याची पिशवी आणि एक काठी एवढं पुरे. जिथे पाणी साचलंय त्याच्या कडेने चुना टाकत चला. चार तासांनी पुन्हा तीच फेरी मारा आणि आक्रसलेल्या डबक्याभोवती दुसरी रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. या तीन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या जागेचा निचरा. जिथे तिन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर येतात तिथे ग्रीन किंवा टी ठेवायची नाही. तिथे तळं करा, नाहीतर ती जागा रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढू दिलेल्या गवतात सोडा. ड्रोनचा सर्व्हे आणि समोच्च रेषांचा नकाशा हवाच, उंचीच्या दर अर्ध्या मीटरला एक रेषा असेल तर उत्तम. पण सपाट दिसणाऱ्या शेतातला वीतभर खोलगटपणा नकाशावर हरवतो आणि चुन्याच्या रेघेत सापडतो.

दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा भेगा दिसतात, वारा कळतो आणि कुठल्या झाडाखाली माणसं बसतात तेही कळतं.

५. डभोईच्या बाजूला आमच्या सासऱ्यांची काळी जमीन आहे. कापूस उत्तम येतो. मग गवत का नाही येणार?

गवत येईल. अडचण गवताची नाही, काळ्या मातीच्या वागण्याची आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खेळायला दोन्ही वाईट.

आधी माती तपासा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुवायची पावडर घालून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटाभरात खाली बसते, गाळ एक-दोन तासांत. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. डभोई-शिनोर पट्ट्यातल्या बऱ्याच शेतांत हा गढूळ भागच सर्वांत मोठा निघतो.

पाणी किती जिरतं, हे बघायला फूटभर खोल खड्डा खणून पाणी ओततात. इथे एक फसगत नेहमी होते. मे महिन्यात काळ्या मातीत ही चाचणी केली तर पाणी भराभर उतरतं आणि मालक खूश होतात. ते पाणी मातीत जिरत नसतं, भेगांतून निघून जात असतं. खड्डा दिवसभर भरता ठेवा, माती फुगून भेगा बुजू द्या आणि मग तासाला किती उतरतं ते मोजा. बहुतेकदा जेमतेम उतरतं.

उपाय तीन आणि तिन्ही एकत्र वापरावे लागतात. पहिला, पृष्ठभागाचा उतार. अशा मातीत फेअरवेला किमान २ ते ३ टक्के उतार हवा आणि उथळ चरी वळवून पाणी लवकर मोरीत किंवा नाल्यात सोडायला हवं. चर लांबत गेली की तिचा तळ कायमचा ओला राहतो. दुसरा, ग्रीन स्थानिक मातीवर बांधायचंच नाही. अमेरिकन गोल्फ असोसिएशनने १९६० मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली ती आजही धरतात: तळाशी छिद्रांचे पाइप, त्यावर १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर. हा थर पाणी थोडं धरून ठेवतो आणि जास्त झालेलं खडीत सोडून देतो. वाळूचे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरचे हवेत. ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला अशी सुमारे १५० घनमीटर वाळू लागते.

तिसरा उपाय फेअरवेवर वाळूचा थर टाकायचा. इथे मात्र हिशोब करूनच बोला. एका एकरावर २० सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे ८०० घनमीटर. १० घनमीटरच्या डंपरच्या ८० खेपा. तीस एकर फेअरवे धरले तर २,४०० खेपा. एवढी वाळू ओरसंगच्या पात्रातून आणायची म्हणजे एका खेळासाठी नदी खरवडायची. मी तरी हा सल्ला देत नाही. जिथे बहुतेक बॉल पडतात तो पट्टा आणि ग्रीनच्या तोंडची जागा, एवढ्यावरच थर द्या. बाकी उतारावर सोडा आणि मुसळधार पावसाचे काही दिवस कोर्स बंद राहील हे आधीच मान्य करा.

बंकर कमीत कमी ठेवा. काळी माती वाळूत मिसळली की बंकरचा चिखल होतो. त्याऐवजी गवताचे खळगे खेळायलाही अवघड असतात आणि सांभाळायला सोपे.

६. आमची जमीन पादऱ्याकडे आहे, गोराडू. तिला हे सगळं लागू आहे का?

बरंचसं नाही. गोराडू रेताड, पाणी झिरपू देणारी माती आहे आणि आपल्याकडे गोल्फसाठी तीच सर्वांत सोयीची. ग्रीनचा थर प्रश्न ५ प्रमाणेच करा, फेअरवेला मात्र बाहेरची वाळू बहुधा लागणार नाही. उन्हाळ्यात पाणी थोडं थोडं आणि जास्त वेळा द्यावं लागेल. वरची १५ सेंटिमीटर माती कामाआधी काढून बाजूला रचून ठेवा आणि शेवटी परत पसरा. ती एकदा खालच्या मातीत मिसळली की परत मिळत नाही.

७. सावली तालुक्यात महीच्या कोतरांलगत (नदीकाठच्या मातीच्या घळींलगत) जागा मिळते आहे, स्वस्तात. घेऊ का?

दिसायला अशी जागा जिल्ह्यात दुसरी नाही. कोतराच्या एका सोंडेवर टी, मधे दरी, पलीकडच्या सोंडेवर ग्रीन. असा होल काढायला कुठलाही डिझायनर धावत येईल.

पण कोतरं अजून थांबलेली नाहीत, ती दर पावसाळ्यात मागे सरकतात. माती पाणी लागलं की साखरेसारखी विरघळते. म्हणून कोर्सवरचं पाणी कोतराच्या काठावरून कधीही सोडायचं नाही. काठाच्या आत बुटका बांध घालून पाणी उलट वळवायचं आणि पाइपातून किंवा दगडी पायऱ्यांच्या चरीतून खाली तळापर्यंत न्यायचं. काठापासून ग्रीन आणि टी चांगल्या मागे ठेवा. कोतरातली झाडी, अगदी गांडो बावळ (वेडी बाभूळ) सुद्धा, बदली झाडं मूळ धरेपर्यंत उपटू नका. ती मुळंच काठ धरून उभी आहेत. आणि कोतर बुजवायचा विचारही नको. भर टाकलेली माती पहिल्या मोठ्या पावसात महीत जाते.

खेळाच्या बाजूने एकच नियम पाळा. दरीवरून मारावा लागणारा फटका ग्रीनला सर्वांत जवळच्या टीवरून १०० मीटरच्या आत असावा, किंवा बाजूने फिरून जायची वाट असावी. नवखे, वयस्क आणि मुलं यांना दरवेळी दरीत बॉल घालायला लावणारा कोर्स दोन वर्षांत ओस पडतो.

८. विश्वामित्रीच्या काठावरची जमीन घर बांधायला चालत नाही. तिथे गोल्फ कोर्स तर चालेल ना?

पूर येणाऱ्या जमिनीचा मोकळ्या मैदानासारखा वापर घरांपेक्षा नक्कीच बरा. पण अट कडक आहे: पुराचं पाणी जेवढं आधी मावत होतं तेवढंच नंतरही मावलं पाहिजे. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शहराने पुन्हा मोठा पूर पाहिला. त्यानंतर नदीकाठी भर टाकून आपलं ग्रीन उंच करायचं आणि पाणी पलीकडच्या वस्तीत ढकलायचं, हे मला कुठल्याही कारणाने पटणार नाही. ग्रीन आणि टी उचलायच्या असतील तर तेवढीच माती त्याच पूरक्षेत्रातून, त्याच पातळीवरून काढा. नदीच्या बाजूला बांध नको. जागेतून जाणारी कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा ओहोळ) बुजवू नका, वळवू नका, उलट रुंद करा. आपली जमीन ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे उतरते आणि वरचं पाणी या कांसांतूनच येतं.

पंपाचे पॅनेल पूरपातळीच्या वर चढवा. पूर ओसरल्यावर ग्रीनवर बसलेला गाळ ओला असतानाच फावड्याने आणि पाण्याच्या धारेने काढा. वाळला की तो खालचा निचऱ्याचा थर बंद करून टाकतो. हरळी काही दिवस पाण्याखाली तग धरते, गाळाखाली धरत नाही.

मगरींबद्दल प्रश्न १८ पाहा.

९. गोल्फ कोर्स पाणी पितो म्हणतात. खरंच किती?

उन्हाळ्यात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तर एका एकराला सुमारे २०,००० लिटर. साठ एकर भिजवले तर रोज १२ लाख लिटर. पंचवीस एकर भिजवले तर ५ लाख. म्हणून पहिला निर्णय पाइपचा नसतो, भिजवायचं क्षेत्र किती हा असतो. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर २ या नामांकित कोर्सवर २०१०-११ मध्ये सुमारे ३५ ते ४० एकर हिरवळ काढून तिथे पुन्हा वाळू आणि स्थानिक गवताचे झुबके आणले. २०१४ ची यूएस ओपन तिथेच झाली. रफ तपकिरी दिसला म्हणून खेळ कमी होत नाही.

आता आपला हिशोब. बडोद्याचा सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास. शंभर एकरांवर पडलेल्या पावसातला तीस टक्के जरी तळ्यात वळवला तर सुमारे ११ कोटी लिटर होतं. पंचवीस एकरांना २०० दिवस रोज ५ लाख लिटर दिलं तर १० कोटी लागतं. ऐकायला जमतंय, पण तीन मीटर खोल धरलं तरी तळं नऊ एकरांचं होतं आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन जातं. त्यामुळे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची जोड हवीच. बोअरवेलवर कोर्स चालवायचा असेल तर शेजारच्या शेतकऱ्यांसमोर आधी बसा.

१०. गवत परदेशातून आणावं लागतं का?

जगभरच्या उष्ण भागांत कोर्सवर ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. ग्रीनवर मात्र तिचे खास बुटके संकरित वाण लागतात, कारण तिथे ती जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरवर रोज कापावी लागते आणि शेतातली हरळी एवढी कापणी सोसत नाही. रफला स्थानिक हरळी उत्तम. पाणी खारट किंवा सांडपाण्याचं असेल तर सीशोर पास्पलम या गवताचा विचार करा. शेजारी शेती असेल तर हरळी बांध ओलांडून जाऊ नये म्हणून कडेने चर ठेवा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तणच आहे आणि त्याची तक्रार रास्त असते.

११. होलची दिशा ठरवताना वास्तू बघता का?

सूर्य आणि वारा बघतो. पहिले होल सकाळच्या उन्हात थेट पूर्वेला नकोत आणि शेवटचे संध्याकाळी पश्चिमेला नकोत, बॉल दिसत नाही. सरावाची जागा शक्यतो उत्तरेकडे तोंड करून. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, म्हणून सलग तीन-चार होल एकाच दिशेने काढू नयेत. स्कॉटलंडच्या म्युरफील्डमध्ये पहिले नऊ होल घड्याळाच्या दिशेने बाहेरून आणि पुढचे नऊ उलट दिशेने आतून फिरतात, त्यामुळे वारा सतत नवीन बाजूने येतो.

१२. अठराच एकर आहेत. सोडून देऊ का कल्पना?

अजिबात नाही. ८० ते १४० मीटरचे नऊ पार-तीन (तीन फटक्यांत पुरे व्हावेत असे) होल त्यात नेटके बसतात, जागा वेडीवाकडी असेल तर सहा. मला तर असे छोटे कोर्स आपल्या शहरांसाठी जास्त मोलाचे वाटतात: शाळकरी मुलगा सायकलवर येऊन तासाभरात खेळून जाऊ शकतो. आणखी एक युक्ती आहे, उलट-सुलट खेळता येणारा कोर्स. मिशिगनमध्ये टॉम डोक यांनी २०१६ मध्ये असा अठरा होलांचा कोर्स केला, एक दिवस एका दिशेने, दुसऱ्या दिवशी उलट. ग्रीन दोन्ही बाजूंनी स्वीकारणारी हवीत, म्हणून उतार सौम्य ठेवावे लागतात.

अठरा एकरांत पूर्ण लांबीचे नऊ होल मात्र कुणी बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका.

१३. लक्ष्मी विलास राजवाड्यातला कोर्स कसा बसवला आहे? तो नमुना धरू का?

राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला आणि भोवतालची बाग विल्यम गोल्ड्रिंग यांनी आखली. गोल्फ तिथे १९३० च्या दशकात, प्रतापसिंहरावांच्या पुढाकाराने, युरोपीय पाहुण्यांसाठी आला. १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाड यांनी कोर्सची डागडुजी करून तो लोकांसाठी खुला केला. म्हणजे आधी बाग, मोठी झाडं आणि इमारत, मग खेळ. जुन्या फार्महाउसच्या किंवा आमराईच्या जागेवर विचार करत असाल तर यातून शिकण्यासारखं आहे. उघड्या शेतावर हाच नमुना ओढूनताणून आणायला पन्नास वर्षांची झाडं कुठून आणणार?

१४. मधोमध आंबा आणि रायण (खिरणी) आहे. तोडायची परवानगी कशी काढायची?

आधी न तोडता होल कसा बसतो ते बघू. फेअरवेच्या एका कडेला उभं असलेलं मोठं झाड बंकरचं काम फुकट करतं: डावीकडून जायचं की वरून मारायचं, हा प्रश्न खेळणाऱ्यासमोर टाकतं. ग्रीनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र दाट झाड नको. हरळीला ऊन लागतं आणि सकाळची सावली दव धरून ठेवते, त्यातून बुरशी येते. वडाजवळ ग्रीन नकोच, मुळं पाइप शोधत येतात.

१५. हे शिकायचं कुठे?

भारतात बहुतेक जण लँडस्केप आर्किटेक्चर किंवा सिव्हिलमधून येतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात लँडस्केपचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण आधी कुठल्याही कोर्सवर ग्राउंड स्टाफबरोबर एक पावसाळा काढा. पाइप कुठे तुंबतो, हे माळ्याइतकं कुणाला माहीत नसतं.

१६. कोर्सचे बॉल आमच्या शेतात येतात. मजूर यायला घाबरतात. दोष कुणाचा?

बहुधा रूटिंगचा. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे आणि नवख्यांचा बॉल उजवीकडे वळतो. म्हणून हद्दीलगतचे होल घड्याळाच्या दिशेने फिरवतात, त्यामुळे हद्द डावीकडे येते. फेअरवेच्या मध्यापासून हद्दीपर्यंत साधारण ६० मीटर सोडावे लागतात, वळणाच्या होलवर त्याहून जास्त. जाळी हा शेवटचा उपाय. आधी टी काही मीटर सरकवून फटक्याचा कोन बदलून बघायला सांगा, अनेकदा तेवढ्याने भागतं. कमिटीला लेखी द्या आणि बॉल कुठे कुठे सापडले त्याचा नकाशा जोडा.

१७. फेअरवेवर टिटवीने अंडी घातली आहेत. दर उन्हाळ्यात होतं. काय करावं?

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, खड्यांसारखी दिसणारी. घरटं हलवू नका. भोवती चार खुंट्या आणि दोरी लावा, तेवढी जागा "खेळण्यास मनाई" म्हणून स्थानिक नियमात जाहीर करा, बॉल आत गेला तर दंडाशिवाय बाहेर ठेवू द्या. मशीनवाल्याला रोज सकाळी सांगा. नवीन कोर्समध्ये रफमध्ये मुरमाचे दोन-तीन उघडे पट्टे मुद्दाम सोडले तर बऱ्याच टिटव्या तिकडे जातात.

१८. कोर्सच्या तळ्यात मगर आली. आता?

विश्वामित्रीच्या आसपास तळं करताना हे धरूनच चला. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला हुसकावणं, दगड मारणं, स्वतः पकडणं, काहीच करायचं नाही. वनविभागाला कळवा आणि ते येईपर्यंत तळ्याकाठचे होल बंद ठेवा.

आखणीत करण्यासारखं बरंच आहे. पायवाट आणि टी पाण्याच्या कडेला नकोत. खेळणाऱ्यांच्या बाजूचा काठ उघडा आणि आखूड गवताचा ठेवा, म्हणजे दुरून दिसेल. उंच गवत आणि उन्हं खायची उतरती जागा पलीकडच्या, माणसं न जाणाऱ्या काठावर द्या. बॉल शोधायला पाण्यात उतरणं सगळ्यांना बंद, खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींना आधी. अनेक ठिकाणी पैसे मिळतात म्हणून तेच उतरतात.

खेळाच्या नियमातही सोय आहे. धोकादायक प्राण्याजवळ बॉल पडला तर नियम १६.२ प्रमाणे दंडाशिवाय सुरक्षित जागी बॉल ठेवता येतो. बॉल तळ्याच्या आखलेल्या पेनल्टी क्षेत्रात असेल तर ही मोफत सवलत त्या क्षेत्राच्या आतच मिळते, बाहेर घ्यायची तर एक दंडाचा फटका धरावा लागतो. म्हणून या क्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्या रोवताना त्या पाण्याला अगदी चिकटवू नका.